ठिगळ

2023 सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय आमच्या जीपच्या तळातून आरपार गेला आणि त्याची नवी कोल्हापुरी वहाण चिपळूणच्या मातीला टेकली. स्टिअरिंग धरून तो तसाच बसला होता. वर सगळा भाऊ आणि खाली एक पाऊल! पोरे हसली, आमची ही हसली, मीही हसल्यासारखे केले. तो मात्र हसला नाही. त्याने पाय हळूच वर ओढून घेतला आणि भोकाच्या कडेचा पत्रा चिमटीत धरून चुरडला. खारी बिस्किटासारखा त्याचा भुगा झाला. मग माझ्याकडे पाहत त्याने एवढेच विचारले,

"दादा, पुराचं पाणी नक्की कुठवर आलं होतं?"

या प्रश्नाला मी दोन वर्षे भीत आलो होतो. पण त्याचे उत्तर सांगण्याआधी ही जीप आमची कोण, ते सांगायला हवे.

'कोण' असेच म्हणायचे, 'काय' म्हणून चालायचे नाही. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती 1962 साली घेतली. जीप ही मूळची युद्धाची लेक. 1941 ते 1945 या चार-पाच वर्षांत अमेरिकेत सहा लाखांवर जीपगाड्या तयार झाल्या आणि जगभरच्या चिखलांतून फिरल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप बांधायला घेतली. आमची आहे ती 1953 साली निघालेल्या सीजे-3बी या जातीची. आधीच्या जीपेपेक्षा हिचे इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. मान ताठ ठेवून चालणाऱ्या करारी आत्याबाईंसारखी ती दिसते.

अण्णा डॉक्टर होते. रस्ता संपे तिथून पुढे त्यांची व्हिजिट सुरू होई. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी नऊ वर्षांचा होतो, धाकटा सहाचा. आईने आम्हांला अंगणात काढले होते आणि आम्ही एका घोंगडीत कुडकुडत होतो. उजाडले तसे अण्णांनी औषधांच्या पेट्या मागे टाकल्या, कंपाउंडरला शेजारी बसवले आणि जीप कुंभार्ली घाटाच्या वाटेला लावली. तिसऱ्या दिवशी ते परत आले. कोयनानगरला काय पाहिले ते कधी बोलले नाहीत. दोन बादल्या पाणी आणले आणि स्वतः अंघोळ करण्याआधी जीप धुतली. तेव्हापासून आम्हां भावांच्या लेखी ती गाडी राहिली नाही.

1994 साली अण्णा गेले. घराच्या वाटण्या झाल्या, भांडीकुंडी वाटली गेली, पण जीपची वाटणी कशी करणार? ती दोघांची राहिली आणि माझ्या परड्यातल्या खोपीत राहिली. धाकटा पुण्याला असतो. 2005 सालच्या जुलैत चिपळूणला मोठा पूर आला. त्यानंतर मृग लागला की त्याचा फोन ठरलेला: "दादा, जीप वर टेकाडावर नेऊन ठेवलीस ना?" आणि मी ती नेऊन ठेवत असे. 2021 साली ठेवली नाही. बॅटरी उतरली होती, ढकलायला माणसे मिळत नव्हती, उद्या बघू, परवा बघू असे चालले होते. 22 जुलैला वाशिष्ठी घरात शिरली. आम्ही दोघे माडीवर बसून होतो आणि मागच्या खिडकीतून मला जीपचे फक्त स्टिअरिंग दिसत होते. थोड्या वेळाने तेही दिसेनासे झाले.

फोन लागला तेव्हा धाकट्याने आधी आमची चौकशी केली, मग बाजारपेठेची, आणि अगदी शेवटी, चाचरत, जीपची. मी म्हणालो, "चाकं भिजली. बाकी काही नाही."

खोटे का बोललो? अख्ख्या गावाचे संसार चिखलात गेले असताना जीपसाठी कसले रडायचे, असे मी मनाला समजावले. खरे कारण तेवढे उदात्त नव्हते. मला लाज वाटत होती. मग मी पुढचे पाऊल टाकले. गाडी धुऊन घेतली, एका रंगाऱ्याला बोलावले, जिथे जिथे पत्रा फुगला होता तिथे लांबी भरून घेतली आणि वरून मूळचाच हिरवा रंग मारून घेतला. त्या दिवाळीत धाकट्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माझी पाठ थोपटली. ती थाप मला अजून आठवते.

तर पाडव्याच्या त्या सकाळी मी त्याला खरे सांगितले. "स्टिअरिंग बुडलं होतं." तो काही बोलला नाही. जेवतानाही बोलला नाही. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून उठला. दुपारी मी परड्यात गेलो तर हा बासष्ट वर्षांचा गृहस्थ पोते पसरून जीपखाली उताणा पडलेला. हातात बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर. आतूनच म्हणाला, "दादा, खाली ये. बघ काय करून ठेवलंयस."

मी खाली गेलो. जीपच्या तळाला मजबुतीसाठी खालून आडव्या पन्हळी जोडलेल्या असतात. पुराचा गाळ त्या पन्हळींत ठासून बसला होता आणि दोन वर्षे ओल धरून होता. वरून रंग चकचकीत आणि आत ही ओली माती! लोखंडाचा गंज मोठा विचित्र असतो. अॅल्युमिनियमवर चढणारी पुटी घट्ट बसते आणि आतल्या धातूला राखते. लोखंडाची पुटी फुगते, पोपडे धरते आणि पोपड्यांतून पाणी व हवा पुन्हा आत शिरतात. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे, तो त्याच्या लोखंडात फॉस्फरस बराच असल्यामुळे त्यावर राखणारे कवच धरले म्हणून. आमच्या जीपच्या नशिबी असे कवच नव्हते, लांबी होती.

आमची ही माहेरची नागपूरची. तिकडे गंज म्हणजे पातेले. आम्ही दोघे दिवसभर 'इथे गंज, तिथे गंज' करू लागलो तेव्हा ती दारातून म्हणाली, "तुमचे गंज मोजून झाले असतील तर माझा गंज उतू चाललाय. चहा घेऊन जा." त्या चहावर धाकटा पहिल्यांदा थोडा हसला.

काम घरीच करायचे ठरले. खेर्डीचा एक पत्रेवाला मिस्त्री वेल्डिंगचे यंत्र घेऊन येणार. कापणे, घासणे, मोजणे आमच्याकडे. जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. मिस्त्रीने आधी ती आणि बॅटरी काढून लांब ठेवायला लावली. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आत कोंडलेली वाफ पेट्रोलपेक्षा वाईट. मग हातोडीने ठोकून पाहणे. चांगला पत्रा 'टण्ण' बोलतो, कुजलेला 'भद्द' म्हणतो. खडूने खुणा केल्या आणि ग्राइंडर हाती घेतला.

माझा हात पुढे सरेना. थोडे कापले की वाटे, पुरे, इथवर ठीक आहे. मिस्त्री बाजूला बिडी ओढत पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. मया केलीत तर दोन पावसांत परत हेच." मी मया सोडली. ताटाएवढे भोक परातीएवढे झाले आणि परातीएवढे होते ते पाटाएवढे. शेवटी ड्रायव्हरच्या पायाखाली जीप उरलीच नाही. पण त्या भोकाच्या चारी कडा पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या.

जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांवर मापे काढली, त्याबरहुकूम अठरा गेजचा पत्रा कापला. जोडताना मिस्त्री सलग ओळ कधी ओढत नसे. एक टाका इथे, एक तिथे, मध्ये थांबून पत्रा निवू देई. सलग जाळले तर पत्रा तापून लाटा धरतो. धाकटा पुण्याहून जमेल तसा येई. कामापुरते बोलणे होई: "धर", "सोड", "चष्मा लाव". बोलण्यासारखे जे होते ते तसेच राही.

एप्रिलमध्ये मागच्या डाव्या चाकावरची पेटी घासायला घेतली. लहानपणी त्या पेटीवर बसायचा मान माझा. रंग निघाला तशी खालून रिबिटांची एक वेडीवाकडी रांग निघाली आणि रिबिटांखाली एका डब्याचा पत्रा. पिवळ्या रंगावर ताडाचे झाड! डालड्याचा डबा! त्याच्या कडेने शेंदूर लावलेला होता. मारुतीला लावतात तोच, जवसाच्या तेलात कालवून. जुने लोक लोखंडाला तो लावत. शेंदूर म्हणजे शिसे, धूळ नाकात जाऊ नये म्हणून आम्ही नाकाला फडके बांधून पाणी शिंपीत शिंपीत खरवडले. मिस्त्रीने हातोडी मारून पाहिली. ठिगळाच्या चारी बाजूंना पत्रा 'टण्ण' बोलला. चौपन्न वर्षे आणि एक महापूर त्याने काढला होता.

धाकटा म्हणाला, "दादा, बॅटरी आठवते?"

आठवत होती. 1970 साल. पेटीवर ठेवलेली बॅटरी खेळताना माझ्या धक्क्याने कलंडली आणि तिच्यातल्या ॲसिडने पत्रा खाल्ला. अण्णांनी अंगणात येऊन विचारले, "कोणी?" आणि मी तत्काळ म्हणालो, "मी." मार बसला नाही. पुढच्या रविवारी अण्णांनी कुजका भाग कापला, शेंदूर लावला, डबा फोडून सपाट केला आणि आम्हां दोघांना पकड धरायला बसवले. ठिगळ अगदी ओबडधोबड झाले होते. ते झाकण्याची त्यांना काही गरज वाटली नसावी.

बारा वर्षांचा मुलगा जे एका शब्दात सांगू शकला, ते त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला सांगता आले नव्हते. हे मी मनात म्हटले असे मला वाटले. पण बहुधा मोठ्याने म्हटले असावे. कारण धाकट्याने हातातला घासकागद खाली ठेवला आणि म्हणाला, "मीही फार ताणलं, दादा. पुराच्या दिवशी मी तुला जीपचं विचारायलाच नको होतं."

काम 2024 च्या दिवाळीआधी आठ दिवस संपले. खालून डांबराचा हात दिला, पन्हळींना पाणी निथळायला भोके ठेवली. रंगाआधी मिस्त्रीने विचारले, "जोडांवर लांबी भरू?" आम्ही दोघे एकदमच "नको" म्हणालो. रेड ऑक्साइड आणि हिरवा रंग, बस्स. तळाचे जोड आज उघड दिसतात. डालड्याचे ठिगळ होते तिथेच आहे. भाऊबीजेला धाकट्याने गाडी सुरू केली, तेव्हा सवयीने आधी पाय दाबून पाहिला.

2025 च्या जूनमध्ये त्याचा फोन आला. "दादा, जीप वर नेलीस?"

"नाही," मी म्हणालो, "अजून नाही नेली."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "बरं." मी फोन ठेवला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि छत्री न घेताच परड्यात गेलो.