बामणोलीची यष्टी

कासला गाडी करून जाणारे पुष्कळ. आम्ही यष्टीनेच जायचं ठरवलं होतं. आम्ही तिघी मैत्रिणी आणि एकीचे वडील. काका पंचाहत्तरी ओलांडलेले, म्हणजे त्यांना तिकीटच नाही, आणि आम्हा बायकांना २०२३ पासून अर्धं. चौघांचा प्रवास दीड तिकिटात! सांगली स्टँडवर आम्ही त्यावरच खूश होतो.

भडंगाची पिशवी पेठ नाक्यापर्यंत निम्मी झाली. कराड सोडताना गाडी कोयनेच्या पुलावर आली आणि काकांनी खिडकीतून हात जोडले. आम्ही गप्पांत होतो, फारसं लक्ष दिलं नाही.

साताऱ्यात कंदी पेढे घेऊन बामणोलीची गाडी धरली. या गाडीत पर्यटक आम्हीच. बाकी बाजार करून निघालेल्या बायका, किराण्याची पोती, एक नवी कोरी प्लॅस्टिकची खुर्ची. यवतेश्वरचा घाट चढला की रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. एकीकडे खाली कण्हेरचं पाणी, दुसरीकडे उरमोडीचं. पाऊस नुकताच सरलेला, ऊन धुतल्यासारखं. आमच्याकडे शरद ऋतू असा असतो. पानं गळत नाहीत, उलट दगडावरसुद्धा फुलं येतात.

कासला तर काय सांगू! तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, मध्येच गेंदाचे पांढरे ठिपके. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत हे पठारही आहे. रस्त्याला मोटारींची रांग. आमची यष्टी हॉर्न वाजवत त्यातून वाट काढत होती. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "दरवर्षी येत्यात. फुलं बघत्यात न् माघारी जात्यात. खाली कुणी येत न्हाई."

सगळेच काही तिथून परत जात नाहीत. बोटीने वासोट्याला जाणारे खाली येतातच. पण मावशींचं बोलणं काकांना पटलं असावं. ते पहिल्यांदाच हसले.

खाली बामणोलीत उतरलो आणि समोर शिवसागर. कोयना धरणाचा जलाशय, काठोकाठ भरलेला. काका काठावर उभे राहिले आणि त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "त्या बोटीच्या जरा पलीकडं आमचं खळं."

मैत्रिणीला हे माहीत होतं, आम्हा दोघींना नव्हतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढायला लागलं तेव्हा काका शाळेत होते. खोऱ्यातली गावं उठली. कुणी रायगडाकडे, कुणी सोलापूरकडे, काही सांगली जिल्ह्यात. काकांचं घर आमच्याकडे आलं. डोंगरात नाचणी पिकवणारी माणसं एकदम काळ्या मातीत आणि दुष्काळी पट्ट्यात!

मी म्हटलं, "काका, उन्हाळ्यात यायला हवं ना? पाणी उतरल्यावर जुनं गाव दिसतं म्हणतात."

"दिसतं की. एकदा बघितलंय. जोती दिसतात, देवळाचे दगड दिसतात. नको वाटतं. भरलेलं असताना आलं की बरं, सगळं झाकलेलं असतं."

मग त्यांनी खिशातून पेढ्याचा पुडा काढला, एक पेढा पाण्यात सोडला आणि उरलेले आम्हाला वाटले. कुणीच काही बोललं नाही. परतीची गाडी लागली होती, आणि ती चुकली असती तर पंचाईत होती.

सांगलीत आम्हाला कोयना आठवते ती दोनदाच. २००५ आणि २०१९ सारखा पूर आला की धरणातून किती पाणी सोडलं ते विचारायला, आणि एप्रिल-मे महिन्यांत कृष्णेचं पात्र कोरडं पडलं की "कोयनेतून पाणी सोडा" म्हणायला. पाणी येतं, नळ सुरू होतात, ऊस भिजतो, आपण विसरतो. तिकडे बामणोलीला मात्र तेवढं पाणी खाली उतरतं आणि काकांची जोती हळूहळू वर येतात.

यंदाच्या उन्हाळ्यात नळ उघडताना हे आठवेल बहुतेक. पुढच्या शरदातही जायचं ठरलंय, काकांनीच ठरवलंय. खिडकीची जागा त्यांची.