त्र्यंबकेश्वरी ऐकलेली फ्रेंच

गेल्या मार्गशीर्षात आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो, ते केवळ दर्शनाच्या हेतूने नव्हे. आमचे ज्येष्ठ बंधू निवर्तले तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा फ्रान्सात लियाँ येथे होता. त्याला वेळेवर येता आले नाही, आणि ते शल्य त्याच्या मनातून गेले नाही. आम्ही त्रिपिंडी श्राद्ध करावे व त्याने ते तेथून मोबाइलवर पाहावे, असे ठरले. त्याची एकोणीस वर्षांची कन्या सुटीत येथे आली होती; ती आमच्यासमवेत निघाली.

नाशिकहून त्र्यंबक अवघे अठ्ठावीस किलोमीटर. परंतु ती वाट आम्हांस फार लांब वाटली. नातीचे मराठी बेताचे, आणि आमचे प्रश्न परीक्षकाच्या थाटाचे! तिने एक वाक्य बोलावे व आम्ही त्यातले लिंग सुधारावे. अंजनेरीचा डोंगर दिसू लागेतो ती गप्पच झाली.

श्रीमंत नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५५ मध्ये आरंभिलेले व १७८६ मध्ये पुरे झालेले ते काळ्या पाषाणाचे देवालय पाहून आम्ही उपाध्यायांच्या घरी गेलो. संकल्प सुरू झाला. तीळ हाती घेतले, आणि तेवढ्यात मोबाइलवरील पुतण्याचे चित्र जोडलेल्या हातांसह थिजले. नातीने तो उंच धरला, खिडकीशी नेला, आणि ती हताशपणे पुटपुटली, "सा राम!"

परदेशी वाढलेल्या मुलीच्या मुखी आपद्‌काळी रामनाम यावे, याचे आम्हांस कौतुक वाटले. गुरुजींनीही मान डोलावली. श्राद्ध यथासांग झाले. मात्र ज्याने पाहायचे त्याने ते पाहिले नाही.

दुपारी गंगाद्वाराच्या पायऱ्या चढताना पोर रडवेली झाली होती. समजूत घालावी म्हणून आम्ही म्हणालो, "मघाशी तू रामाचे नाव घेतलेस ना?"

ती प्रथम गोंधळली, आणि मग खो खो हसू लागली. "आजोबा, राम म्हणजे वल्हं मारणं! नेट रखडलं की आम्ही म्हणतो, सा राम. हे वल्हवत बसलंय."

मग दर दहा पायऱ्यांवर विसावा व एकेक नवा पाठ, असा क्रम सुरू झाला. यंत्र एकाएकी बंद पडले तर 'इल आ प्लाँते', म्हणजे त्याने रोप लावले! रेंज पकडत नसेल तर 'सा काप्त पा'. तेथेही क्रियापद पकडण्याचेच. आणि काहीच चालेनासे झाले म्हणजे 'सा मार्श पा'. 'मार्श' म्हणजे चालणे. पायांचे चालणे व यंत्राचे चालणे यांस आपल्याप्रमाणेच त्यांनीही एकच शब्द ठेवला आहे. पुस्तकी फ्रेंचमध्ये नकाराला 'न' आणि 'पा' असे दोन शब्द लागतात. 'पा'चा मूळ अर्थ पाऊल. 'एक पाऊलही नाही' अशा अर्थाने तो नकारास चिकटला, आणि आता बोलताना खरा नकार जो 'न' तोच गळतो. एकटे पाऊल 'नाही' म्हणते.

"परंतु हा तर अपशब्द!" आमच्या तोंडून सवयीने निघून गेले. तिचा चेहरा उतरला. त्याच क्षणी आम्हांस महाभाष्यातील वैयाकरण आठवला. त्याने रथ हाकणाऱ्या सूताचा 'प्राजिता' हा शब्द चुकीचा ठरविला, तेव्हा सूत उत्तरला की, महाराजांना नियम ठाऊक आहेत, वापर ठाऊक नाही. चाळीस वर्षे ही कथा आम्ही मुलांना हसत सांगितली. तीतला वैयाकरण आपणच, हे मात्र त्या पायरीवर उमगले.

मग आम्ही शिष्य होतो तेथून गुरू झालो. "मोबाइल हँग झाला, रेंज गेली, सर्व्हर डाऊन आहे" ही तुमची हल्लीची मराठी तिला येतच होती. आम्ही तिला एक जुना वाक्प्रचार दिला : "यात काही राम नाही." ती टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे तिकडे राम असला की अडतं, आणि इकडे नसला की!"

गंगाद्वारापाशी पोहोचतो तोच मोबाइल वाजला. पुतण्याचा आवाज कापरा होता. "काका, झालं का सगळं? मला संकल्पापर्यंतच दिसलं."

एरवी आम्ही विधीचा क्रमवार वृत्तान्त दिला असता. त्या दिवशी म्हणालो, "अरे, सा राम!"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो हसला, आणि हसता हसता रडला. वडिलांविषयी तो आमच्याशी त्यानंतर अर्धा तास बोलला. तीन वर्षांत इतका तो कधी बोलला नव्हता.

गोदावरी ब्रह्मगिरीच्या माथ्यावर उगम पावते, लुप्त होते, गंगाद्वारी पुन्हा दिसते, आणि फिरून अदृश्य होऊन कुशावर्तात प्रकटते, असे येथील श्रद्धाळू मानतात. पुढे तीच नदी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत समुद्रास मिळते. उतरताना आम्ही नातीस हे सांगितले. सांगताना तिने गोदावरीस पुल्लिंगी केले. आम्ही ते सुधारले नाही.