तुळजापूरचा चिंतामणी आणि पुतण्याची वही

तुळजाभवानी ही आमची कुलस्वामिनी. घरांत मंगलकार्य झालें कीं तुळजापूरची यात्रा ठरलेलीच. यंदा आमच्याबरोबर निघालेल्या पुतण्याचें चित्त मात्र निराळ्याच विवंचनेंत होतें. पुण्यास येरवड्याच्या मैदानावर तो गोल्फ खेळतो. वर्षभर झटूनहि खेळ सुधारेना, म्हणून तो सोडूनच द्यावा असें त्याच्या मनानें घेतलें होतें. "काका, तेथें चिंतामणि आहे ना? त्यालाच विचारतों," असें तो सोलापूर सोडतांना म्हणाला.

सोलापुराहून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर. बालाघाटाच्या डोंगररांगेंत हें गांव वसलें आहे. अनेक देवस्थानें चढून गांठावीं लागतात. येथें महाद्वारांतून पायऱ्या उतरून, कल्लोळ आणि गोमुख हीं तीर्थें घेऊन देवीकडे जावयाचें. अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची ही मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां तिला सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवितात.

प्राकारांत चिंतामणि नांवाचा वाटोळा दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनांत प्रश्न धरावा. दगड उजवीकडे फिरला तर कार्य होईल, डावीकडे फिरला तर होणार नाहीं, आणि स्थिर राहिला तर विलंब आहे, असा समज आहे. मोहिमेपूर्वीं शिवाजीमहाराज येथें कौल घेत, असें सांगतात.

दर्शन झाल्यावर चिंतामणीपाशीं गर्दी होती, म्हणून आम्ही ओवरींत टेकलों. पुतण्यानें पिशवींतून एक वही काढली. तींत दहा डावांचे सगळे टोले मांडलेले होते. चेंडू कोठून मारला, कोठें पडला, खळगा किती फूट राहिला, सारें कांहीं. परंतु खालीं वाचलेली होती ती केवळ बेरीज! खळग्याजवळच्या हिरवळीवर आपले टोले फार होतात एवढें पाहून त्यानें वर्षभर संध्याकाळीं तोच सराव केला होता.

आम्हांस गोल्फ कळत नाहीं, घरखर्चाची वही कळते. आम्हीं म्हटलें, "अरे, नुसत्या बेरजेवरून पैसा कोठें गेला हें समजतें काय? किराणा, दूध, औषध अशीं खातीं पाडावीं लागतात."

तेव्हां त्याला वाचलेलें आठवलें. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनीं गोल्फचीं अशींच खातीं पाडलीं. त्यांचें या विषयावरील पुस्तक २०१४ सालीं निघालें. ८ फुटांवरून चेंडू खळग्यांत घालण्यास तेथील धंदेवाईक खेळाडूंस सरासरी दीड टोला लागतो, ३३ फुटांवरून दोन. म्हणजे ८ फुटांवरून दोन टोले घेणारानें अर्धा टोला गमावला, पण ३३ फुटांवरून दोन घेणारानें कांहींच गमावलें नाहीं. ब्रॉडींना असेंहि आढळलें कीं, उत्तम व सामान्य खेळाडूंमधील सुमारें दोनतृतीयांश अंतर १०० यार्डांपलीकडच्या लांब टोल्यांत पडतें.

आम्ही दोघे त्या ओवरींतच हिशेबास बसलों. एकेक पान उलटतां उलटतां त्याची मुद्रा पालटत गेली. हिरवळीवर चेंडू बहुधा तीस-पस्तीस फुटांवरच येऊन पडे. तेथून दोन टोले हा दोष नव्हताच. दोष त्याआधींच्या लांब टोल्याचा होता. ज्याला वर्षभर बोल लावला तो निरपराध, आणि ज्याकडे पाहिलेंच नाहीं तो खरा अपराधी! क्षणभर तो ओशाळला, मग हळूच म्हणाला, "काका, हें सारें माझ्याच हस्ताक्षरांत लिहिलेलें होतें."

आपली नोंद ठेवणें सोपें. ती स्वतःविरुद्ध वाचणें कठीण. प्रकृतीची, अभ्यासाची वा खर्चाची वही पुष्कळ घरीं असते, पण आपल्या आवडत्या समजुतीस धक्का देणारें पान आपण हटकून उलटतों. कार्य होईल कीं नाहीं, एवढेंच चिंतामणि सांगतो. चुकतें कोठें, हें ज्याचें त्यानेंच शोधावयाचें.

गर्दी ओसरल्यावर पुतण्यानेंहि दगडावर हात ठेवले. प्रश्न काय होता हें त्यानें सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. परतीच्या गाडींत मात्र तो पट्टी घेऊन नव्या पानावर रकाने आंखीत बसला होता.