घरात शिरलेले गोचीड

कुत्र्याच्या अंगावर आढळणारा तपकिरी गोचीड हा कीटक नव्हे; तो कोळी आणि विंचू यांच्या वर्गातला रक्तशोषक जीव आहे. त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. गोचिडांच्या बहुतेक जाती उघड्यावर वाढतात, ही जात मात्र आपले सगळे जीवनचक्र घराच्या चार भिंतींआड पुरे करू शकते. मुंबईच्या उष्ण-दमट हवेत ती बारा महिने तग धरते, आणि वरच्या मजल्यावरचे कुत्रेही तिच्या तावडीतून सुटत नाही.

मुलुंडला प्रस्तुत लेखकाच्या घरी देशी कुत्रीला गोचीड लागले ते पावसाळा सरताना. सोसायटीची भटकी कुत्री वॉचमनच्या केबिनमागे बसत, आणि घरच्या कुत्रीची रोजची फेरी तिथूनच होई. पहिले लक्षण म्हणजे सारखे कान झटकणे. तपासल्यावर कानाच्या आत, पंजांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड सापडले. रक्त पिऊन फुगलेल्या माद्या राखाडी, वाटाण्याएवढ्या होत्या; नर चपटे आणि लहान.

चिकटलेला गोचीड काढताना चिमट्याने त्याला त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावे. रॉकेल ओतणे, काडीचा चटका देणे हे उपाय त्वचेला इजा करतात. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नये. स्पिरिटच्या बाटलीत टाकावा.

अंग साफ झाल्यावरही काही दिवसांनी त्या घरात दाराच्या चौकटीवर आणि पडद्यांच्या मागे बारीक गोचीड चढताना दिसले. याचे कारण जीवनचक्रात आहे. अंड्यातून सहा पायांची अळी निघते, तिची आठ पायांची पिल्ले होतात, मग प्रौढ. प्रत्येक टप्प्यावर गोचीड रक्त पितो, गळून पडतो, फटीत लपून कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. मादी एकदाच, पण हजारांनी अंडी घालते. अनुकूल हवेत हे चक्र सुमारे दोन महिन्यांत पुरे होते, तर उपाशी प्रौढ कित्येक महिने जगू शकतो. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते एकूण गोचिडांपैकी थोडेच.

त्यामुळे उपचार कुत्र्यावर आणि घरावर एकाच वेळी करावे लागतात. पशुवैद्य वजन पाहून फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब किंवा पोटातून द्यायची गोळी सुचवतात. अफोक्सोलानेरच्या गोळीचा परिणाम महिनाभर, फ्लुरालानेरचा गोचिडांवर साधारण बारा आठवडे राहतो. गोळीने गोचीड चावल्यावर मरतो, म्हणून अंगावर एखादा दिसला तरी औषध फसले असे नसते. मुलुंडच्या घरात कुत्रीची गादी कढत पाण्यात धुतली गेली, लाद्यांच्या आणि चौकटीच्या फटींतून व्हॅक्यूम फिरला, नंतर पेस्ट कंट्रोल झाले. फवारलेले औषध पूर्ण सुकेपर्यंत कुत्री बाहेर ठेवली होती. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषारी असते; घरात मांजर असल्यास ते टाळावे. नवे गोचीड दिसेनासे झाल्यावरही काही महिने कुत्रीचे औषध चालू ठेवले, तेव्हा उपद्रव थांबला.

गोचिडांमुळे एर्लिकिया आणि बबेसिया या सूक्ष्मजीवांचे रोग होतात. ताप, अन्नावरची वासना उडणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद लघवी दिसल्यास लगेच रक्त तपासून घ्यावे. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात. बबेसियाची औषधे वेगळी असतात. म्हणून अंदाजाने गोळ्या देऊ नयेत.