अक्को : तटाखालचं गाव आणि साखरेची मडकी

जेरुसलेमला जाणारी मंडळी तिथली देवस्थानं बघतात, मृत समुद्रात तरंगून येतात आणि परतीला लागतात. उत्तरेकडे, हैफाच्या उपसागरापलीकडे असलेलं अक्को बहुतेकांच्या यादीत नसतंच. जुन्या इंग्रजी पुस्तकांत याचं नाव ‘एकर’. हैफाहून आगगाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. पण गृहिणीने आवर्जून पाहावं असं काहीतरी इथे आहे.

समुद्राला भिडलेला तट, हिरव्या घुमटाची मशीद, मासळीचा आणि मसाल्यांचा बाजार हे वरचं गाव मुख्यतः अठराव्या शतकातलं, तुर्की अमदानीतलं. त्याच्या पायाखाली आणखी एक गाव आहे, धर्मयुद्धांच्या काळातलं. १०९५ साली पोपने हाक दिली, १०९९ मध्ये युरोपातल्या ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम जिंकलं आणि ११०४ मध्ये हे बंदर घेतलं. इथूनच मग यात्रेकरू, सैनिक आणि व्यापारी यांची ये-जा सुरू झाली.

पायऱ्या उतरून खाली गेलं की हॉस्पिटलर पंथाचे दगडी दिवाणखाने लागतात. हे लोक एका हाताने तलवार चालवत आणि दुसऱ्या हाताने रुग्णसेवा करत. जाडजूड खांब, उंच कमानी, भर उन्हाळ्यातही गारवा! तिथे उत्खननात मातीच्या मडक्यांचा मोठा साठा सापडला. निमुळती, तळाला भोक असलेली मडकी. कशासाठी असतील? साखरेसाठी!

उसाचा रस आटवून या मडक्यांत ओतायचा. काकवी भोकातून खालच्या भांड्यात ठिबकायची आणि वर साखरेचा सुळका राहायचा. आपल्याकडे गुऱ्हाळ पाहिलेलीला हे सांगायला नकोच. युरोपातल्या घरांत तोवर गोडासाठी मधच होता. इकडे आलेल्यांना साखर भेटली ती अरबांच्या मळ्यांत, आणि अरबांकडे ती इराणमार्गे आली आपल्याकडून. आपली ‘शर्करा’ तीच त्यांची ‘सुक्कर’ आणि तीच इंग्रजांची ‘शुगर’. हॉस्पिटलरांच्या ११८२ च्या नियमांत तर आजाऱ्यांच्या औषधांसाठी साखर पाठवावी असं कलमच आहे. शत्रूकडून शिकलेली वस्तू अशी घरच्या कपाटात येऊन बसली.

लढाया चालू असतानाही बाजार थांबत नसे. स्पेनमधला मुसलमान प्रवासी इब्न जुबैर ११८४ साली दमास्कसहून व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर इथे आला. जकातनाक्यावरचे ख्रिस्ती कारकून त्याला अरबी लिहिताना दिसले. गावाबाहेरच्या एका झऱ्यापाशी दोन्ही धर्मांची माणसं एकाच जागी आपापल्या दिशेला तोंड करून प्रार्थना करत, हेही त्याने नोंदवलं. गाव गजबजलेलं पण फार घाणेरडं, असा शेराही मारायला तो विसरला नाही!

तीनच वर्षांनी, ११८७ मध्ये, सुलतान सलादिनने अक्को आणि मग जेरुसलेमही घेतलं. अक्को परत मिळवायला ख्रिस्ती फौजा ११८९ मध्ये वेढा घालून बसल्या आणि त्यांच्या पाठीशी सलादिनने छावणी टाकली. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. उपासमार आणि साथीचे रोग आले, ते राणी-दासी बघत नाहीत. जेरुसलेमची राणी सिबिला आणि तिच्या दोन मुली ११९० मध्ये त्याच छावणीत आजारपणाने गेल्या.

याच वेढ्यातली एक हकीगत सलादिनचा अधिकारी इब्न शद्दाद याने लिहून ठेवली आहे. रात्री छापा घालणाऱ्यांनी ख्रिस्ती छावणीतून एका बाईचं तीन महिन्यांचं तान्हं बाळ पळवलं. ती आक्रोश करू लागली. तिच्याच लोकांनी तिला सांगितलं, ‘सुलतान दयाळू आहे, त्याच्याकडे जा.’ ती शत्रूच्या छावणीत गेली. बाळ तोवर बाजारात विकलं गेलं होतं. सलादिनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने किंमत मोजून मूल परत आणवलं, आईने त्याला छातीशी घेऊन दूध पाजलं, आणि घोड्यावर बसवून दोघांची पाठवणी झाली.

म्हणून एक बाजू देवमाणसांची आणि दुसरी राक्षसांची असं मात्र नाही हं. याच सलादिनने ११८७ मध्ये पकडलेल्या पंथीय योद्ध्यांची कत्तल करवली होती. आणि ११९१ मध्ये अक्को पडल्यावर इंग्लंडचा राजा रिचर्ड याने सुमारे २,७०० मुसलमान कैद्यांना मारून टाकलं. त्यांच्याही आया कुठेतरी वाट बघत असतीलच की! पुढे शंभर वर्षांनी, १२९१ मध्ये, इजिप्तच्या सुलतानाने अक्को घेतलं. जहाजं अपुरी पडली. ज्यांना जागा मिळाली नाही ते मारले गेले किंवा गुलाम म्हणून विकले गेले. गाव जमीनदोस्त झालं.

मातीखाली मात्र बरंच उरलं. १९९४ साली एका घराची मोरी तुंबली म्हणून खणायला घेतलं, तर टेंपलर योद्ध्यांचा लांबलचक भुयारी मार्ग निघाला! आज तो चालून जाता येतो. मान जरा वाकवावी लागते आणि दगड निसरडे असतात, तेव्हा चपला न घालता पकड असलेले बूट घाला.

बाहेर आल्यावर बाजारात कुनाफा मागून घ्या. शेवयांसारख्या बारीक तारा, आत चीज आणि वर साखरेचा गरम पाक. राजांनी जिंकलेलं काहीच इथे टिकलं नाही. टिकली ती ही साखर.