‘हिअर’ आणि ‘लिसन’ : ऐकू येणे आणि ऐकणे



इंग्रजीतल्या ज्या जोड्यांमध्ये मुलं हमखास गोंधळतात, त्यातली एक म्हणजे हिअर आणि लिसन. दोन्हींचा अर्थ आपण फळ्यावर ‘ऐकणे’ असाच लिहून मोकळे होतो. खरं तर हा फरक मराठीत आधीपासूनच आहे. आवाज आपोआप कानावर पडला तर ‘मला ऐकू येतं’, म्हणजे हिअर. मुद्दाम लक्ष दिलं तर ‘मी ऐकते’, म्हणजे लिसन.

आमची शाळा तानसा परिसरात. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळतो, तो कुणाला ऐकायचा नसला तरी ऐकू येतोच. तिथे ‘आय हिअर द रेन’. पण बाईंची गोष्ट ऐकायला कान द्यावा लागतो. तिथे ‘आय लिसन टू द स्टोरी’. लिसनच्या पुढे कोणाचं किंवा काय ते सांगायचं असेल तर ‘टू’ लागतो, हिअरला तो लागत नाही. ‘आय ॲम लिसनिंग’ चालतं, ‘आय ॲम हिअरिंग’ सहसा म्हणत नाहीत. आणि लिसनमधला ‘ट’ उच्चारायचा नाही, हे आठवणीने सांगा.

आता माझी चूक सांगते. चौथीतली एक मुलगी एकदा टेबलाशी येऊन म्हणाली, “बाई, दिवाळी झाली का आमी भट्टीवर जानार.” मी मोबाईलवर ऑनलाईन माहिती भरत होते. “हो हो, बस जागेवर,” म्हटलं. सुट्टीनंतर शाळा भरली, तर तिची जागा रिकामी.

शहापूर-मुरबाडमधली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हे मला माहीत नव्हतं का? होतं. तिचे शब्दही ऐकू आले होते. फक्त मी ऐकलं नव्हतं. वेळेवर ऐकलं असतं तर पाड्यावर जाऊन आईवडिलांशी बोलले असते. आजीजवळ ठेवता येईल का, विचारलं असतं. निदान शिक्षण हमी कार्ड तरी हातात दिलं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत तिला बसता आलं असतं.

जूनमध्ये ती परत आली. वाचन पार मागे गेलेलं. पहिल्या दिवशी तिला जवळ बसवून भट्टीवरचं सगळं विचारलं. ती बराच वेळ बोलत होती.

वर्गात एक करून बघा. मुलांना मिनिटभर डोळे मिटायला सांगा. जे जे कानावर पडेल ते ‘आय हिअर’ने सांगू द्या. मग त्यातला एकच आवाज निवडून ‘आय लिसन टू’ म्हणायला लावा. फरक पक्का बसतो.

आणि एखादं मूल टेबलाशी येऊन काही सांगत असेल, तर आधी मोबाईल खाली ठेवा.