कान्हेरीच्या वाटेवरच्या बातम्या

रविवारी सकाळी वर्तमानपत्र वाचूनच घराबाहेर पडावे, ही वडिलांची जुनी सवय माझ्याकडे वारशाने आली आहे. भाद्रपदातल्या त्या रविवारी मात्र उशीर झाला होता, म्हणून न वाचलेला अंक पिशवीत टाकला आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे फाटक गाठले. पाऊस नुकताच थांबला होता. कान्हेरीपर्यंतचे सहा-सात किलोमीटर अंतर बसने जाता येते, पण चालण्याचे ठरवूनच आले होते. फाटकामागे द्रुतगती मार्गाचा आवाज हळूहळू विरत गेला आणि काही वेळाने दहिसर नदीचे पाणी ऐकू येऊ लागले. तुळशी तलावाकडून येणारी ही नदी इथे खरोखर नदीसारखी वाहते. पुढे वस्तीत शिरली की लोक तिला नाला म्हणतात.

एका पुलाच्या कठड्यावर बसून अंक उघडला. पहिल्या पानावर युद्ध होते, आतल्या पानावर आमचे उपनगर. भाषेची शिक्षिका असल्याने माझे लक्ष बातमीपेक्षा शब्दांकडे आधी जाते. त्या दिवशी 'बाधित' हा शब्द चार ठिकाणी भेटला : पूरबाधित, युद्धबाधित, प्रकल्पबाधित आणि एका रस्त्याच्या कामात 'बाधित होणारी झाडे'. आजीच्या बोलण्यात बाधा भुताची असे, आणि ती उतरवायला कुणीतरी येत असे. 2020 साली करोनाने हा शब्द घरोघर नेला. 'बाधित' म्हटले की सोसणारा दिसतो, बाधा करणारा मात्र वाक्यातून अलगद निसटतो. झाडे तोडणार आहेत असे लिहिले, तर कोण, असा प्रश्न तरी पडेल.

लेण्यांपाशी पोहोचले तेव्हा ऊन पडले होते. काळ्या कातळात खोदलेली ही शंभरावर लेणी, इसवी सनाच्या आधीपासून सुमारे हजार वर्षे राबती राहिलेली. मला इथली सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे पाण्याच्या पोढी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात कोरलेले टाके, आणि डोंगरमाथ्यावरचे पाणी त्यात आणून सोडणाऱ्या बारीक पन्हळी. ज्या शहराला धरणे बांधूनही पाणी पुरत नाही, त्याच्या कुशीत भिक्षूंनी पावसाचा थेंब कसा अडवला, हे आजही पाहता येते.

आणि शिलालेख. ही एका अर्थाने त्या काळची स्थानिक बातमीपत्रेच. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या कुणा व्यापाऱ्याने लेणे दिले, कुणी पोढी दिली, कुणी ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्र मिळावे अशी सोय केली. एका लेखात 'मंगलठाण' गावातल्या शेताचे दान आहे. अभ्यासक ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे मानतात. तिथे आता मेट्रोचे स्थानक आहे आणि शेत शोधूनही सापडणार नाही. पण या लेखांत एक शिस्त आहे : देणारा कोण, काय दिले, कशासाठी दिले. कर्ता लपवलेला नाही.

जगाची बातमीही इथे येत होती, पायी आणि गलबतातून. एका लेण्यात पहलवी लिपीत 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावे आहेत. चैत्यगृहाच्या व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्तींसमोर उभी राहिले की मला मार्च 2001 आठवतो. मी तेव्हा एम.ए.ला होते. बामियानचे 38 आणि 55 मीटरचे बुद्ध सुरुंगांनी उडवल्याची बातमी ग्रंथालयात वाचली आणि ती फार दूरची वाटली. कान्हेरी पाहिल्यावर कळले, की व्यापाराच्या ज्या वाटांनी बामियान उभे केले, त्यांचीच एक फांदी या डोंगरापर्यंत आली होती.

पायऱ्यांवर एक वारली बाई काकड्या विकत होती. मीठ-तिखट लावून दिलेली काकडी खात मी तिच्याशी बोलत बसले. तिच्या पाड्यावरच्या जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, असे ती सांगत होती. बोलता बोलता मी तिला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्याविषयी सांगितले. या उद्यानाच्या पोटातून जाणारे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे, 2024 साली भूमिपूजन झालेले. सांगताना माझ्या आवाजात उत्साह होता, हे मान्य करायला हवे. मी बोरिवलीला राहते आणि मुलुंडला शिकवते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची पडली आहेत. सव्वा तासाचा प्रवास पंचवीस मिनिटांवर येईल, असे सरकार सांगते.

ती शांतपणे म्हणाली, "ताई, डोंगर आतून पोखरला तर झऱ्याचं पाणी राहील का?"

मला उत्तर देता आले नाही. झाडांची मोजदाद, नुकसानभरपाई, प्रवासाचा वेळ, सारे मी वाचले होते. झऱ्याचा विचार मनात आला नव्हता. वास्तविक यायला हवा होता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री अंधेरीहून बोरिवलीपर्यंत मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले होते. मिठी, पोयसर, दहिसर या नद्या याच डोंगरातून उतरतात, हे तेव्हापासून ठाऊक होते. ठाऊक असणे आणि आठवणे यांत अंतर पडते, विशेषतः सोय समोर असली की.

परतताना बसने आले. वर्तमानपत्र तिच्याकडेच राहिले, काकड्या बांधायला तिला कागद हवा होता.

सोमवारी पवईपाशी बस तासभर अडकली, तेव्हा बोगदा पुन्हा हवासा वाटला. हे लपवून या दिवसाचे वर्णन पुरे होणार नाही. मात्र त्या दिवशी वर्गात मी 'बाधित' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि मुलांना त्याची वाक्ये कर्तरी प्रयोगात लिहायला सांगितली. एका मुलाने वही पुढे केली आणि विचारले, "मॅडम, इथे कर्ता म्हणून 'आपण' लिहिलं तर चालेल का?"

चालेल, असे मी म्हणाले.